सरकलेलं भिंग

बाटली फिरवली आणि रेघ फिरली नाही, तेव्हा ती थांबली. तोपर्यंत ती अगदी जोमात होती. उजेडाच्या पडद्यासमोरून औषधाच्या बाटल्यांची रांग सरकत होती आणि प्रत्येक बाटलीच्या खांद्यावर तिला एक बारीक, कोयत्यासारखी वाकलेली रेघ दिसत होती. ती बाटली उचलत होती आणि बाजूच्या पत्र्याच्या पेटीत टाकत होती. फुटण्याच्या आवाजाचं तिला कधी वाईट वाटलं नाही. फुटलेली काच परत भट्टीत जाते, पुन्हा बाटली होऊन येते. माणसांचं इतकं सोपं नसतं. एक पेटी भरली, दुसरी भरत आली, तेव्हा तिने लाल बटण दाबून रांग ओढणारी साखळी थांबवली. बटण दाबायची मुभा बाटल्या तपासणाऱ्या चारही बायकांना होती, पण दाबायची ती एकटीच. म्हणून तर कारखान्यात तिला ‘गाळणी’ म्हणत. तोंडावर गाळणीबाई, पाठीमागे नुसतंच गाळणी.

भट्टीचा फोरमन घाम पुसत आला. “काय गाळणीबाई, आज भट्टीच विझवायचा बेत आहे का?” “साच्याला चीर गेलीय,” ती म्हणाली, “सगळ्या बाटल्यांना एकाच जागी रेघ येतेय. साचे उघडा.” तिचा शब्द म्हणजे शब्द, त्यामुळे कुरकुर करत का होईना, साचे उघडले. तापलेल्या लोखंडाशी झटापट करताना साचेवाल्यांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार. चीर सापडली नाही. फोरमनने पेटीतली एक न फुटलेली बाटली उचलून पडद्यासमोर धरली. “कुठेय?” “ही काय.” “ही कुठली? मला तर माझंच थोबाड दिसतंय.” मग शेजारच्या खुर्चीवरच्या तपासणारीने बाटली हातात घेतली. ही वयाने लहान, चष्मा लावणारी, बोलायला गोड. तिने बराच वेळ बघितलं आणि सासूच्या स्वयंपाकाला नाव ठेवायचं नसतं तेव्हा सुना ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाली, “असेल बाई. मला नाही दिसत.” ते ‘असेल बाई’ तिला झोंबलं. तिने बाटली हिसकून घेतली, बोटांत धरून सावकाश फिरवली. बाटली पूर्ण फिरली, तळाचे आकडे समोर येऊन परत मागे गेले. रेघ होती तिथेच. मग तिने बाटली खाली ठेवली, तर रेघ रिकाम्या पांढऱ्या पडद्यावर तशीच टांगलेली. तिने डावा डोळा मिटला. पडदा स्वच्छ. “चालू करा,” ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा पाळी संपायच्या आत खुर्चीवरून उठली.

डावा डोळा पूर्णपणे तिचा नव्हताच. तरुणपणी ती भट्टीच्या तोंडाशी काम करायची, तिथे वितळलेली काच मधासारखी लोंबते आणि तिच्याकडे बघू नको म्हटलं तरी बघावंसं वाटतं. त्या धगीने डाव्या डोळ्यातलं भिंग पन्नाशीच्या आतच पांढरं झालं. “अंडं उकडल्यावर पांढरं होतं ना, तसं,” तेव्हाचा म्हातारा डॉक्टर म्हणाला होता. उकडलेलं काढून त्याने आत नवीन, बनवलेलं भिंग बसवलं, आणि ती पडद्यासमोरच्या खुर्चीवर आली. काचेतला बुडबुडा, खडा, केसाएवढा तडा, बाटलीच्या पोटात आडवी पसरलेली काचेची तार, जिला सगळे पाखराचा झोका म्हणत, हे सगळं तिला त्या उसन्या भिंगातून असं दिसायचं की बघणाऱ्याला वाटावं ही बाई वासाने ओळखते. त्या भिंगावर तिचा फार विश्वास होता. खरं तर एवढा विश्वास तिने जिवंत माणसावर कधी टाकला नव्हता. आणि आता तेच भिंग तिला दिवसभर खोटं सांगत होतं, तेही तिच्याच आवाजात. आजच्या बाटल्यांचं एक सोडा. पण कधीपासून? आज रेघ दिसली म्हणून आज कळलं. काल काय काय दिसलं नसेल? मागच्या महिन्यात तिने बिनदिक्कत पुढे जाऊ दिलेल्या बाटल्यांमधून कुणाच्या घशात काचेचा कण गेला असेल? घरी जाताना रस्त्यावरच्या दिव्यांना तिला दुसऱ्या, फिकट कडा दिसल्या. दिवा आणि दिव्याचा चुलतभाऊ, असे जोडीजोडीने सगळे उभे.

म्हाताऱ्या डॉक्टरच्या जागी आता एक डॉक्टरीणबाई बसत होत्या. नखं अगदी कापलेली, बोलणं भराभर, हसणं जपून. नवरा बरोबर आला होता. तो शाळेची बस चालवायचा. सकाळी पोरं सोडायची, दुपारी आणायची, मधला वेळ घरी. त्या मधल्या वेळात तो आज इथे स्टुलावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. डॉक्टरीणबाईंनी तिची हनुवटी टेकवायला लावली, उजेडाची चीर डोळ्यात सोडली. “वर बघा. खाली. पुन्हा खाली.” मग नुसतं “हं.” तिला ‘हं’ची पारख होती, पडद्यासमोर बसलेली माणसं उगाच ‘हं’ करत नाहीत. “भिंगाची कड बाहुलीतून दिसतेय मला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “वरचा आधार सुटलाय, भिंग खाली घसरलंय. तुम्हाला रेघ दिसते ना वाकडी? ती हीच कड.” तेवढा एक क्षण तिला बरं वाटलं. म्हणजे दोष होता. ती उगाच बरळली नव्हती. दोष होता, फक्त बाटलीत नव्हता.

“डोळ्याला कधी मार लागला होता का?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “नाही नाही.” दोनदा. आणि मग भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत, जणू तिथे लिहिलेलं वाचतोय असं, “ती झोपेत डोळा चोळते. मुठीनं. फार वर्षं झाली.” ती मान वळवून त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्याला दोन कडा होत्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन पोरी आपापल्या घरी गेल्या, आणि ती झोपेत डोळा चोळते हे तिला आज, परक्या बाईसमोर कळत होतं. “चोळण्यानंही होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वर्षानुवर्षं रोज चोळलं तर तंतू सैल होतात. आणि जोरात फटका बसला तर एकदम तुटतात.” मग त्यांनी नवऱ्याला जुने कागद आणायला बाहेर पाठवलं आणि दार लोटून, पेनाशी चाळा करत विचारलं, “घरी सगळं ठीक आहे ना? म्हणजे कुणाचा हात वगैरे?” ती खो खो हसली. “ह्यांचा हात? अहो, ह्यांचा हात झुरळावर पडत नाही. मीच मारते.” डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “बरं,” म्हणाल्या. त्या ‘बरं’वर तिचं हसू अडकलं.

संशय म्हणजे काही ती नव्याने शिकत नव्हती. तिचं पोटच त्याच्यावर होतं. समोर आलेली प्रत्येक गोष्ट बिघडलेली आहे असं धरून चालायचं आणि चांगली निघाली तर पुढे जाऊ द्यायची, हा धंदा. पण तो पडद्यापुरता. घरी येताना ती संशय कपाटात एप्रनबरोबर टांगून यायची. आता तो तिच्याबरोबर घरी आला आणि कुठे बसू म्हणून जागा शोधू लागला. पहिल्यांदा तो बसला नवऱ्याच्या कोपरावर. नवरा झोपेतही बस चालवायचा. वळण आलं की दोन्ही हात फिरायचे, आणि वळणं त्याच्या झोपेत फार. एकदा, थंडीचे दिवस होते, त्याचं कोपर तिच्या गालफडावर असं बसलं होतं की चार दिवस काळानिळा डाग राहिला. तो बिचारा ओशाळून ओशाळून अर्धा झाला. कारखान्यात तिने सांगितलं, दारावर आपटले. आणि बायकांनी ‘हो हो, आमच्याकडेही दारं आहेत’ म्हणून एकमेकींकडे बघितलं. तो गाल डावाच होता. मग ज्या वेळी डाग पडला नाही अशी किती कोपरं? रात्रपाळीच्या आठवड्यात ती दिवसा झोपायची, खिडकीला जाड काळं कापड लावून. तो दोन फेऱ्यांमध्ये घरी असायचा. म्हणायचा, मी खुर्चीत बसतो, पेपर वाचतो. काळोखात पेपर? हे तिला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. काळोखात कोण पेपर वाचतं?

डॉक्टरीणबाईंकडून आल्या दिवशीच त्याने पलंगावर दोघांच्या मध्ये एक लांब उशी ठेवली. “तुला मोकळं झोपता यावं म्हणून,” म्हणाला. ती उशीकडे बघत राहिली. निर्दोष कोपराला कुंपण कशाला लागतं? तो न मागता चहा करून आणू लागला. भाजी चिरून ठेवू लागला, तीही बारीक. डोळ्यात थेंब टाकताना श्वास रोखून धरायचा, आणि थेंब बरोबर पडला की हळूच सोडायचा, तिच्या कपाळावर यायचा तो. चांगलं वागणाऱ्या माणसाकडे नीट बघत राहिलं की तो हळूहळू गुन्हेगारासारखा दिसू लागतो, हे तिला त्या दिवसांत कळलं. तिने नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे उभा फटका. “वहिनी, दादा आणि मारेल? लहानपणी त्याला मी मारायचे.” “मारलं कुठे म्हणतेय मी? लागलं असेल, म्हणतेय.” “मग विचार की सरळ.” “विचारलं तर नाहीच म्हणणार.” “मग नको विचारूस.” “न विचारता कळायचं कसं?” पलीकडे नणंदेने भांडं आपटल्याचा आवाज आला. “तुला ना वहिनी, नवरा नकोच होता. तुला काचेचा माणूस हवा होता, उजेडाला धरून बघायला.” तिने फोन ठेवला आणि मनाशी म्हणाली, मिळाला असता तर वाईट काय होतं.

कारण प्रश्न भांडणाचा नव्हता, आणि हे तिला कुणाला समजावून सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर डोळ्याचं चित्र काढून दाखवलं होतं. भिंग एका पातळ पिशवीत बसलेलं असतं आणि ती पिशवी चारी बाजूंनी तंतूंवर टांगलेली, झोळीसारखी. वरचे तंतू गेले, झोळी लोंबली. काही केलं नाही तर उद्या-परवा खालचेही जातील आणि भिंग डोळ्याच्या तळाशी जाऊन पडेल, विहिरीत कळशी पडावी तसं. उपाय दोन. हे भिंग काढून नवीन बसवायचं, त्याला डोळा जास्त कापावा लागतो. किंवा आहे तेच उचलून जागेवर आणायचं आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाला धाग्याने बांधायचं. “तुमचं भिंग चांगलं आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बांधू या. पण नंतर ते धाग्यांवर आहे हे विसरायचं नाही. पुन्हा चोळलं, पुन्हा काही लागलं, तर परत बांधायला जागा राहील असं मी सांगू शकत नाही.” म्हणजे डोळा बांधून मिळणार, पण राखायचा कुणापासून ते तिलाच ठरवायचं. स्वतःच्या मुठीपासून, की शेजारच्या कोपरापासून? मूठ असेल तर ती स्वतः वैरीण, आणि नवऱ्याला राखणीला बसवावं लागणार. कोपर असेल तर ज्याला राखणीला बसवायचं तोच चोर, वर खोटारडा. डोळा नसेल तर पडद्यासमोरची खुर्चीही नाही. तूर्त तिला खोके घडी करायला बसवलं होतं, ‘डोळा बरा होईपर्यंत’. खोके घडी करताना तिला दुरून तिची खुर्ची दिसायची, तिच्यावर ती गोड बोलणारी बसलेली, आणि साखळी दिवसभर एकदाही थांबत नव्हती. न थांबणाऱ्या साखळीचा आवाज तिला रात्री जेवताना ऐकू यायचा.

ऑपरेशनच्या दिवशी तोंडावर हिरवं कापड घातलं, डाव्या डोळ्यापुरतं भोक. डोळ्याच्या बाजूला टोचलेलं इंजेक्शन गाल सुन्न करून गेलं, पण ती जागी होती, जागंच ठेवतात. कापडाखाली स्वतःच्या श्वासाची गरम हवा परत नाकावर येत होती, तिच्यात सकाळच्या चहाचा वास. डोळ्यात आधी नुसता उजेड होता, भट्टीचा नव्हे, पडद्याचा. थंड आणि सगळीकडे सारखा. मग त्या उजेडात आडवी एक काळी रेघ शिरली. सुई. दुखलं काहीच नाही, आणि दुखलं नाही याचीच भीती वाटली. आपल्या आत कुणीतरी हत्यार घेऊन फिरतंय आणि आपल्याला ते बाटलीत बघावं तसं दिसतंय. तिने नेहमीची युक्ती केली: कान देऊन बसली. माणसं हातांनी खोटं करतात पण आवाजाने सांगून जातात. डॉक्टरीणबाई मदतनीस बाईशी कमी शब्दांत बोलत होत्या. धागा दे. पाणी सोड. आता पाय पकड. भिंगाला दोन बाजूंना केसासारखे वाकलेले पाय असतात, हे तिने चित्रात बघितलं होतं. धागा त्या पायाखालून न्यायचा, परत वरून आणायचा आणि दोन्ही टोकं पांढऱ्यातून बाहेर काढायची, परकराच्या नेफ्यातल्या नाडीसारखी. बाहेर गाठ नाही मारायची. टोकाला उष्णता दाखवायची, मग ते वितळून मागे येतं आणि त्याचा मणी होतो. मणी आत जात नाही, धागा सुटत नाही. हे तिला ऐकताक्षणी पटलं होतं. तापल्यावर टोक आकसून गोल होतं हे तिने हजारदा बघितलं होतं, काचेच्या तारेचं असंच होतं. तरी मणी लहान झाला तर निसटणार, मोठा झाला तर वरची त्वचा खाऊन बाहेर येणार. जमायला हवं ते नेमकं.

उजेड हलला. जे काही इतके दिवस खाली लोंबत होतं ते सावकाश वर येताना तिला जाणवलं. दिसलं म्हणता येणार नाही, पण पाण्याखालून वर येताना उजेड जवळ येतो तसं झालं. मग जळका, किंचित गोड वास. मदतनीस बाई म्हणाली, “मस्त आहे मॅडम.” डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत. कापडाखाली तिचे कान ताठ झाले. “थोडं डावीकडे आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अगदी थोडंसं,” मदतनीस म्हणाली, “चालेल हो.” आता ‘चालेल’ हा शब्द तिच्याइतका कुणाच्या परिचयाचा नसेल. पाळी संपत आलेली, पाठ धरलेली, बाटलीत दोष आहे पण एवढासा, आणि घरी जायचंय. अशा वेळी चौघींपैकी कुणीतरी म्हणतं, चालेल. जगातल्या निम्म्या तडकलेल्या बाटल्या ‘चालेल’ म्हणून बाहेर पडलेल्या असतात. तिचे हात चादरीखाली मुठी करून बसले. म्हाताऱ्या डॉक्टरच्या वेळी कुणी असं म्हणालं होतं का? तेव्हा तिने ऐकलं नव्हतं, तेव्हा ती मनात गाणं म्हणत पडली होती. डोळ्यात उजेड तसाच स्थिर, त्यात कुणाचा तरी निर्णय घ्यायचा बाकी. “नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मणी काप. परत करू.” मदतनीस बाईने सोडलेला श्वास कापडाला लागला. पुन्हा धागा, पुन्हा काळी रेघ, पुन्हा तो जळका वास. हिरव्या कापडाखाली, सुन्न गालाने, ती हसली. हललात का, असं कुणीतरी दरडावलं. ही बाई आपल्या जातीची आहे, तिने ठरवलं. म्हणजे पुढे भिंग सरकलं तर दोष हिच्या हातांचा नसणार. ती एक पेटी मनातल्या मनात बाजूला ठेवली. उरल्या दोन, मूठ आणि कोपर.

पट्टी सुटली तेव्हा दिवा एकटा होता. चुलतभाऊ गेला होता. डॉक्टरीणबाईंच्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीकडे ती टक लावून बघत राहिली; वर, खाली, कोपऱ्यात. भिंत स्वच्छ. “कारखान्यात कधी जाऊ?” “जखम भरली की चाचणी घेऊ. तोवर झोपताना डोळ्यावर हे झाकण. आणि हात लावायचा नाही.” भोकं भोकं असलेलं प्लास्टिकचं झाकण त्यांनी चिकटपट्टीने लावून दाखवलं. “झोपेत हात जात असेल तर हातमोजे घालून झोपा, किंवा घरातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगा.” घरातला तो ‘कुणीतरी’ टोपी हातात घेऊन उभा होता. “ठेवतो,” तो म्हणाला. बांधलेला डोळा तिने आता घरी न्यायचा होता, त्या उशीच्या पलीकडे.

कारखान्यात अधूनमधून मुद्दाम बिघडवलेली एक बाटली रांगेत सोडतात. तपासणाऱ्या बायकांना सांगत नाहीत. ती बाटली कुणी उचलली तर बरं. नाही उचलली तर त्या पाळीच्या सगळ्या बाटल्या परत तपासायच्या. त्या बाटलीला पाहुणी म्हणतात. तिच्या हातून पाहुणी कधी सुटली नव्हती. पलंगावर पडल्या पडल्या तिला ही पाहुणी आठवली आणि तिचं तिलाच हसू आलं, कारण नणंद ऐकेल तर काय म्हणेल. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता. विचारून खरं कळत नाही. रांगेत सोडून कळतं. भर दुपार होती, खिडकीवर काळं कापड, त्याच्या कडेने उजेडाची एक बारीक फट, तो नेहमीप्रमाणे दोन फेऱ्यांमध्ये घरी. ती पाठीवर निजली, झाकण लावलेलं, उजवा डोळा मिटलेला. श्वास जड केला, मधे एक घोरण्याचा तुकडाही टाकला, आपण घोरतो हे गृहीत धरून. बराच वेळ काही नाही. पेपर वाजत नव्हता. खुर्ची मात्र वाजत होती, म्हणजे तो खुर्चीतच होता, काळोखात, नुसता. मग तिने मूठ वळली, सावकाश वर नेली आणि झाकणावर घासली.

खुर्ची तत्काळ करकरली. तीन पावलांत तो पलंगाशी आला. दोन बोटांनी त्याने तिचं मनगट धरलं, उचललं, खाली ठेवलं. धांदल नाही, चाचपडणं नाही. अंधारात रोज त्याच खिळ्याला टोपी अडकवणाऱ्या माणसाचा हात. एवढ्यानेच ती मनातून हादरली. हे पहिल्यांदा करणाऱ्याचं काम नव्हतं. पण तो परत खुर्चीकडे गेला नाही. पलंगाच्या कडेला टेकला, आणि त्याचं एक बोट तिच्या तळहातात आलं आणि तिथेच राहिलं, कशाची तरी वाट बघत. “डोळ्याला हात नको लावूस, बये,” तो पुटपुटला. मग, गप्पा मारताना माणूस बोलतो तसं, “आज तो मागच्या बाकावरचा पोरगा पुन्हा ओकला. सगळी बस धुतली.” थोडा वेळ थांबून: “मालकाने आज परत वय विचारलं. म्हटलं, बसपेक्षा कमी आहे.” जागेपणी त्याने हे तिला सांगितलं नव्हतं. जागेपणी तो सांगायचा की भाजी महाग झालीय. तिला एकदम चोरीचं वाटलं, दुसऱ्या कुणा बाईशी चाललेलं बोलणं दाराआडून ऐकल्यासारखं. बोट तळहातात अजून थांबलेलं होतं. ते कशासाठी थांबलंय ते तिला कळेना, आणि न कळलेल्या गोष्टीचं नाटक करता येत नाही.

“जागी आहेस,” तो म्हणाला.

ती हलली नाही.

“जागी आहेस तू.”

“कशावरून?” तिने डोळा न उघडताच विचारलं.

“बोट नाही धरलंस.”

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होऊन गेली. ती पडून राहिली. रागवावं असं वाटत होतं आणि राग कुठून धरावा ते सापडत नव्हतं. “इतकी वर्षं सांगितलं का नाही मग?” “काय सांगायचं? झोपेत माणसं डोळे चोळतात. आत काही टांगलेलं असतं हे मला कुठे माहीत?” तो म्हणाला, “आणि सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी हातमोजे घालून झोपली असतीस.” हे मात्र खरं होतं. “आणि मग ती उशी कशाला मधे?” “माझ्या कोपराची मला खात्री नाही ना,” तो म्हणाला. “म्हणजे कोपरही असेल?” “असेल. झोपेतलं मला काय ठाऊक. तुला तुझी मूठ ठाऊक होती?” दोन्ही पेट्या तिच्यासमोर उघड्या पडल्या होत्या आणि एकीवरही शिक्का मारता येत नव्हता. हे फिरवून बघता येत नव्हतं, शेजारणीच्या हातात देऊन ‘तुला दिसतंय का बघ’ म्हणता येत नव्हतं. जे काही होतं ते तिच्या झोपेत घडलेलं, आणि साक्षीला हा एकटा. माणूस असं रचूनही सांगू शकतो. गोड रचलेलं तर जास्तच.

“कसं धरते?” तिने विचारलं, आणि त्याचं बोट मुठीत घेतलं. “असं?”

“नाही. इतकं सैल नाही.”

“असं?”

“अंगठा आत. बोटाच्या खाली. हां. आणि करंगळी सुटी असते.”

“सुटी कशी?”

“अशी. वर. कपातून चहा पिताना मोठ्या घरच्या बायका धरतात तशी.”

तिने करंगळी सोडली. खोटं रचणारा माणूस मुठीपाशी थांबतो; करंगळीपर्यंत जायची त्याला गरज पडत नाही. एवढं तिला धंद्यावरून माहीत होतं. “मग?” ती म्हणाली. “मग काय. बसतो.” “किती वेळ?” “बसची वेळ होईपर्यंत.” “मग मी सोडते?” “तू कुठली सोडायला,” तो म्हणाला, “मीच सोडवून घेतो. एकेक बोट.” त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान वळवल्याचं तिला जाणवलं. “आज लवकर सोड. आत्ता निघालो नाही तर पोरं फाटकाशी ताटकळतील.”

तिने मूठ सोडली नाही. “सोडवा,” ती म्हणाली, “बघू दे कसं सोडवता ते.” आणि झाकण नसलेला डोळा उघडून त्याच्या हाताकडे बघत राहिली.